संजीवनीबाईंचा रिकामा कोपरा

पासली गावाच्या वरच्या अंगाला एका खोलीची शाळा आहे. पहिली-दुसरी एकत्र, पोरं अठरा, आणि संजीवनीबाई एकट्या. एक पाठांतर, एक आवाज, एक ताल, असला खेळ बाईंनी कधी मांडलाच नाही. बंटीचे पाय जमिनीवर ठरत नाहीत, म्हणून पाट्या वाटायचं काम त्याचं. सोनियाला ऐकू येत नाही, ती ओठ वाचते. म्हणून बाई फळ्याकडं तोंड करून अक्षर बोलत नाहीत. ते बघून पोरांनी स्वतःच एक रीत पाडली होती. तोंड न दाखवता बोलणाऱ्याला उत्तर द्यायचं नाही, मग तो सरपंच का असेना.

तालुक्याच्या साहेबांनी महिन्याभरापूर्वी समावेशक शिक्षणाचा फतवा काढला होता. कपाटाशेजारी निळं कापड लावा, खुर्ची ठेवा, वर ‘समावेशक कोपरा’ अशी पाटी टांगा आणि विशेष मुलं तिथं वेगळी बसवा. सगळ्यांना सामावून घ्यायचं, पण कोपऱ्यात! बाईंनी कापड लावलं, पाटी टांगली, पोर एकही बसवलं नाही.

आज साहेब आले ते सोनियाचा कागद घेऊनच. प्रगती दिसली नाही तर तिचं शिक्षण घरी. महिन्यातून एकदा कुणीतरी जाऊन शिकवणार. सोनियाची आजी फुलाबाई सकाळपासून दारात बसून होत्या.

“घरी ती कुणाचं त्वांड बघंल, बाई?” त्या हळूच म्हणाल्या. “म्या तर दिसभर वावरात.”

साहेबांचा प्रवेश झोकात झाला, नजर मात्र मोबाईलमध्ये. मान खाली घालूनच त्यांनी विचारलं, सात आणि पाच किती?

वर्ग चिडीचूप.

साहेबांनी पुन्हा विचारलं, आवाज चढवून. अठरा पोरं त्यांच्या टकलाकडं शांतपणे बघत राहिली.

“बाई, तुम्ही बहिरी एकच कळवलीत,” साहेब मोबाईलला म्हणाले, “इथं तर अठराच्या अठरा दिसतात.”

बाईंनी खुलासा करायला हवा होता. केला नाही. पंचवीस वर्षं साहेबलोकांची भाषणं बसून ऐकली होती. एवढी करमणूक त्यांच्या हक्काची होती.

उठली ती सोनिया. धाकट्या भावाचं तोंड वर करावं तसा तिनं टाचा उंचावून साहेबांच्या हनुवटीखाली तळहात घातला आणि मान वर केली. लग्नातली हळद सोडली तर त्या हनुवटीला कुणाचा हात लागला नसावा. गोंधळलेल्या साहेबांनी तोच प्रश्न तिच्याकडं बघत विचारला.

सतरा गळे एकदम म्हणाले, “बारा.” सोनियानं बंटीकडून पाटी घेतली, १२ लिहून साहेबांच्या नाकासमोर धरली.

बाईंनी पेन पुढं केलं. साहेबांनी कागदावर ‘वर्गातच ठेवावे’ लिहिलं आणि सही केली. फुलाबाईंनी पदरानं तोंड पुसलं.

“पण फोटो लागेल,” साहेब म्हणाले, या वेळी वर बघून. “कोपऱ्यात कुणीतरी बसवा.”

सोनियानं ओठ वाचले. साहेबांचं बोट धरून तिनं त्यांना नीट त्या खुर्चीत, पाटीखाली बसवलं. बाईंनी फोटो काढला.

ती पाटी बाईंनी अजून उतरवलेली नाही. साहेब पुन्हा येणार आहेत.