उतारावरची शिट्टी

सकाळी शेडचं शटर वर गेलं की बाबा एकेका गाडीच्या मागे जाऊन उभे राहत. तळहात टेकवून ती जराशी पुढे ढकलून बघत. हलली नाही की पुढची. अशा बावीस गाड्या. गोल्फच्या मैदानावरच्या या बॅटरीच्या गाड्या आवाज करत नाहीत. ब्रेक नीट लागला नसेल तर उतारावर मांजराच्या पावलांनी निघतात. पेडल वरच्या बाजूने दाबलं की खट् होतं आणि ब्रेक अडकतो, पण तो खट् बाबांना पुरत नसे. हाताला कळलं पाहिजे, असं ते म्हणत.

ते गाड्या चालवत आणि चालवायला शिकवतही. खेळायला येणाऱ्या साहेबांना किल्ली देण्याआधी सगळं सांगत. पाय आत ठेवायचे, शेजारचा नीट बसल्याशिवाय निघायचं नाही, उतारावर वळायचं नाही, गवत ओलं असेल तर वाट सोडायची नाही, झेंड्याभोवतीच्या हिरवळीपासून तीस पावलं लांब राहायचं. सांगताना ते भिंतीकडे बघत आणि साहेब घड्याळाकडे. मग साहेब किल्ली घेत आणि पाय बाहेर लोंबकळत ठेवून निघून जात.

माझ्या मावशीच्या नवऱ्याला, म्हणजे आपल्या साडूला, बाबांनीच इथे चिकटवलं होतं. त्यांचा कारखाना बंद पडला तेव्हा बाबांनी क्लबच्या सेक्रेटरींकडे शब्द टाकला, गाडीही स्वतः शिकवली. तीन महिन्यांत अख्खं मैदान काकांना ‘हसरे’ म्हणू लागलं. काका तेच नियम सांगत, शब्दही बाबांचेच. फक्त मध्येच म्हणत, “साहेब, गाडी आमची आहे, पण पाय तुमचेच आहेत.” साहेब हसत आणि पाय आत घेत.

ते पाय आत घेणं बाबांना सगळ्यात जास्त लागे. साडू बेफिकीर असता तर तक्रार तरी करता आली असती. मग घरी जेवताना ते बारीकसारीक काहीतरी काढत. आज टोपी वाकडी होती. गाडी धुताना पाणी फार सांडतो. एकदा आई म्हणाली, “अहो, ते गाडीत बसतात की तुमच्या डोक्यात?” बाबांनी आमटी मागून घेतली.

त्या वर्षी शेडचे जुने प्रमुख निवृत्त होणार होते. जागा एक आणि माणसं दोन. वार्षिक स्पर्धा पार पडली की ठरवू, असं सेक्रेटरी म्हणाले. बाबा एकवीस वर्षं त्या जागेकडे डोळे लावून होते. काकांना येऊन जेमतेम चार झाली होती. स्पर्धेच्या प्रमुख पाहुण्यांनी मात्र मागून घेतली ती हसऱ्यांचीच गाडी.

सातव्या झेंड्याच्या वर एक उतार आहे. पाहुण्यांचा चेंडू तिथल्या झुडपात गेला. काकांनी गाडी थांबवली, किल्ली बंद केली, ब्रेक लावला, उतरले. दोन पावलांवरून परत फिरले, कारण पाहुण्यांचा हातमोजा सीटखाली पडला होता. तो वाकून काढताना तोल सांभाळायला त्यांनी एक पाय आत ठेवला. तो पडला गाडी पळवायच्या पेडलवर. त्या पेडलला पाय लागला की लावलेला ब्रेक सुटतो. नव्या माणसाला पहिल्या दिवशी हेच सांगतात, आणि जुनी माणसं चुकतात तीही इथेच. हातमोजा घेऊन काका झुडपाकडे गेले.

बाबा आपल्या गाडीत चाळीस पावलं मागे होते. त्यांनी तो पाय पाहिला. मग मागचं चाक बोटभर सरकलेलं पाहिलं. गळ्यात शिट्टी होती. अशाच वेळेसाठी ती प्रत्येकाला दिलेली असते. त्यांनी ती ओठांत धरली आणि वाजवली नाही. खाली वाळूचा खड्डा आहे. गाडी जाईल, रुतेल, सेक्रेटरी बघतील. बाबांना एवढंच हवं होतं.

खड्ड्याच्या अलीकडे, गवतातली भोकं मातीने बुजवणारी बाई पाठमोरी बसली होती. ती त्यांना दिसली तेव्हा गाडीने वेग घेतला होता.

मग शिट्टी वाजली. काका वळले, धावले, बाजूने स्टिअरिंगला लोंबकळले आणि गाडी खड्ड्यात वळवली. बाई दचकून उठली आणि काकांनाच फैलावर घेऊ लागली. काका वाळूत बसून ऐकत होते. त्यांचा घोटा मोडला होता.

सेक्रेटरींनी बाबांची पाठ थोपटली. तुमच्या शिट्टीमुळे बाई वाचली म्हणाले, आणि सोमवारी येऊन शेडच्या किल्ल्यांचा जुडगा घेऊन जायला सांगितलं.

दोन दिवस बाबांना घास गोड लागला नाही. सोमवारी ते सेक्रेटरींच्या खोलीत गेले, खुर्ची दिली तरी बसले नाहीत. “मी आधीच पाहिलं होतं,” ते म्हणाले. “मला वाजवायची नव्हती.” त्यांना महिनाभर गाड्या धुवायला लावलं. जुडगा काकांच्या घरी पोचला.

त्या संध्याकाळी ते काकांकडेही गेले. मी बरोबर होते. सगळं ऐकून घेताना काका प्लास्टरच्या कडेतून बोट घालून खाजवत राहिले. मग म्हणाले, “पाय माझा होता, साडूभाऊ. आणि तुमच्या जागी मी असतो, तर आधी शिट्टी कुठे ठेवली ते शोधत बसलो असतो.”

आम्ही घरी परतलो. जिना चढताना बाबा म्हणाले, “माफ करणंसुद्धा त्यालाच जमतं.”

पुढची अकरा वर्षं त्यांनी साडूच्या हाताखाली काढली. नवा माणूस आला की काका त्याला शिकायला बाबांकडेच पाठवत. बाबा त्या उताराची गोष्ट स्वतःला न वगळता सांगत, आणि शिट्टी ओठांत आल्यावर विचार करायचा नाही, हा एक नियम त्यांनी जुन्या नियमांत वाढवला. मत्सर काही गेला नाही. काकांचे केस उशिरा पिकले, तेही त्यांच्या डोळ्यांत सलत असे.

शेवटच्या आजारात बाबा आतल्या खोलीत पडून असत. काका रोज दुपारी येत. त्या दिवशी आल्या आल्या ते स्वयंपाकघरात डोकावले, काहीतरी म्हणाले, आणि कित्येक आठवड्यांनी आई खळखळून हसली. बाबांनी उशीवरून मान उचलून मला खुणेने जवळ बोलावलं.

“काय म्हणाला गं तो? जा, विचारून ये. मला इथे ऐकू आलं नाही.”