साहेबांनी घेतली म्हणजे चांगलीच असणार

नोकरीत असताना मी पुरात बुडालेली गाडी चांगली समजून विकत घेतली आणि विकणाऱ्याच्या शेजारी उभा राहून हसत फोटोही काढून घेतला. माझे सहकारी निवृत्तीनंतर गाजलेले तपास सांगतात. मला विसरता न येणारा तपास हा आहे, आणि त्यातला पहिला पंचनामा माझ्याच अकलेचा आहे.

तेव्हा मी शहरातल्या एका ठाण्याचा निरीक्षक होतो. पडेगावच्या बाजूला जुन्या गाड्यांचा एक व्यापारी बसायचा. मी पक्की पोलिसी खबरदारी घेतली. गाडी चोरीची नाही ना, चासी नंबर कागदांशी जुळतो ना, कुठल्या गुन्ह्यात वापरलेली नाही ना, सगळं तपासलं. गाडीचं चारित्र्य स्वच्छ निघालं. तिची तब्येत बघायचं मात्र सुचलंच नाही. आत अत्तराच्या तीन बाटल्या लटकत होत्या. मला वाटलं, आधीचा मालक शौकीन दिसतोय. ठाण्यात पेढे वाटले.

काही महिन्यांनी पैठणच्या एक बाई ठाण्यात आल्या. त्या पैठणी विणायच्या. त्यांच्या नवऱ्यानं प्रवासी भाड्यासाठी त्याच व्यापाऱ्याकडून गाडी घेतली होती. पैठण रस्त्यावर चालत्या गाडीत डॅशबोर्डखालून धूर निघाला, दारांची लॉकं अडकली. मागच्या जीपवाल्यांनी दगडानं काच फोडून नवऱ्याला ओढून काढलं म्हणून जीव वाचला. दोन्ही हात भाजले आणि गाडीचा कोळसा झाला. जळिताची नोंद होऊन प्रकरण संपलं होतं.

"हा अपघात नाय," बाई म्हणाल्या. "गाडी पाण्यातली व्हती. लग्नाला जाताना शिटाचा पट्टा लावला, तर माझ्या पातळावर आडवी रेघ उमटली. धुताना कळलं, गाळ हाय. गोदाकाठची हाय मी."

"मग घेतानाच नीट बघायची ना!" मी दरडावलं.

"बघितली की. आमच्या मालकांना धाकधूक व्हती. पण दुकानात तुमचा फोटू लावलाय, ह्येवढा मोठा. तो शेठ म्हणला, साहेबांनीच आमच्याकडून घेतली, मग तुम्हाला कशाचं भ्या?"

हवालदार भिंतीवरचं कॅलेंडर वाचू लागला.

मी बाहेर येऊन माझ्या गाडीचा पट्टा ओढला. वरचा हातभर स्वच्छ. पुढे ओढत गेलो तसा तपकिरी गाळ, सुकून पापुद्रे धरलेला. इतके महिने दिसला कसा नाही, असं कुणी विचारेल. पट्टा न लावणाऱ्यांच्या आयुष्यभर पावत्या फाडणारा हा अधिकारी स्वतः पट्टा लावतच नव्हता. हवालदार म्हणाला, "साहेब, लावला असता तर..." त्याला मी चहा सांगायला पाठवलं.

बाईंच्या फिर्यादीवरून गुन्हा दाखल केला आणि व्यापाऱ्याला चौकशीला बोलावलं. तो निर्धास्त होता. म्हणाला, "साहेब, तुम्ही पोलीस. तुम्ही स्वतः बघून घेतली. तुम्हाला कळलं नाही, ते माझ्यासारख्या गरिबाला काय कळणार?"

खरं सांगतो, बचाव बिनतोड होता. मी दोन तास प्रश्न विचारत राहिलो आणि तो दर वेळी मलाच साक्षीदार करत राहिला. शेवटी मी खिशातून किल्ली काढली. म्हणालो, "चला शेठ, माझी गाडी तुम्ही चालवा. कन्नडच्या घाटात जाऊन येऊ. मी शेजारी बसतो. काचा वर, दारं लॉक."

मला स्वतःला जायची बिलकूल इच्छा नव्हती. पण त्याचा चेहरा उतरला. "साहेब, दुसरी कुठलीही गाडी घ्या. ही नको."

"का? चांगली आहे म्हणालात ना?"

"गाड्या कुठं ठेवल्यात ते दाखवतो साहेब," तो म्हणाला. त्यानंतर त्यानं पंचांसमक्ष कन्नड रस्त्यावरचं एक पत्र्याचं शेड दाखवलं. आत दारं उघडी टाकून गाड्या वाळत होत्या, बाहेर उन्हात गालिचे. दूरच्या शहरातल्या पुरात बुडालेल्या, विमा कंपन्यांनी 'टोटल लॉस' ठरवून भंगारात काढलेल्या. कागद मात्र जिवंत, नोंदणी कुणी रद्दच केलेली नव्हती.

तरी तो सावरला. शेडमधल्या गाड्या भंगारच आहेत, विकलेल्या चांगल्या होत्या, असं म्हणू लागला. बाईंची गाडी तर जळून गेलेली. विकलेली आणि शाबूत अशी एकच गाडी हाताशी होती. माझी.

वरिष्ठांचा फोन आला. "अहो, तो तुमचे पैसे परत देतोय. गाडी देऊन टाका, जबाबात पडू नका. खात्याचं हसं होईल."

"होऊ द्या सर," मी म्हणालो. "फसलेला माणूस लाजून गप्प बसतो, त्यावरच याचं दुकान चालतंय. मी गाडी परत केली की त्या बाईंची केस मेली."

मीच साक्षीदार झालो, म्हणून तपास दुसऱ्या अधिकाऱ्याकडे गेला. माझी गाडी मुद्देमाल म्हणून जप्त झाली आणि मी स्कूटरवर ठाण्यात येऊ लागलो. जाता-येता लोक हसायचे. मी हॉर्न वाजवून पुढे जायचो. माझा जबाब झाल्याचं कळल्यावर आणखी फसलेले पुढे आले. त्यात एक वकील होते, हे मी मुद्दाम सांगतो.

कोर्टात आरोपीच्या वकिलांनी विचारलं, "एवढी नोकरी झाली आणि ओली-सुकी गाडी ओळखता आली नाही?"

"नाही आली," मी म्हणालो. "मला फसवलं. फसणं कुठल्या कलमाखाली येतं, तेवढं सांगा."

शिक्षा झाली. नुकसानभरपाईचाही आदेश झाला. मी शिकलो ते एवढंच. आम्ही पोलीस गाडी कुणाची हे विचारतो, तिच्यावर काय गुदरलं हे विचारत नाही. विम्याचा जुना दावा तपासा, गालिचा उचला, ओळखीच्या मिस्त्रीला दाखवा. आणि फसलात तर घरात तोंड लपवून बसू नका, ठाण्यात या. तिथला साहेब हसला तर हसू द्या.

निकालाच्या दिवशी ते जोडपं कोर्टाबाहेर भेटलं. नवऱ्याचे हात बरे झाले होते, पुन्हा प्रवासी भाड्यासाठी गाडी बघत होते. मला भरून आलं. म्हणालो, "या वेळी मला बोलवा ताई, मी स्वतः येऊन बघतो."

बाईंनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"नका येऊ साहेब. तुम्हाला आवडली, तर आम्हाला सोडावी लागंल."