स्किपमध्ये आपोआप चढलेल्या वस्तू

क्लिफर्ड ओल्डरॉइडला आमच्या गावात सगळे ओळखायचे ते त्याच्या नकारामुळे. भाड्याची कचरापेटी ट्रकवरून आणायची, तुमच्या दारात ठेवायची आणि भरली की साखळ्या अडकवून उचलून न्यायची, हे त्याचं काम. आमच्याकडे तिला स्किप म्हणतात. लोखंडाची, वर उघडी, आत दोन गाई उभ्या राहतील एवढी मोठी. ती खाली टेकली, की क्लिफ हातमोजे काढून कंबरेवर हात ठेवायचा आणि शाळेतल्या पाढ्यांसारखं म्हणायचा, "टायर नाही, फ्रिज नाही, बॅटरी नाही, गॅसची टाकी नाही, ओला रंग नाही आणि कडेच्या वर ढीग नाही."

लोक त्याची फिरकी घ्यायचे. गिरणीच्या चढावर राहणाऱ्या एका बाईंनी खुर्चीत पेंगणाऱ्या नवऱ्याकडे बोट दाखवून विचारलं, "हे चालतील का रे, क्लिफ?"

क्लिफने त्यांना नीट न्याहाळलं आणि म्हणाला, "कानातल्या यंत्राचा सेल काढून घेतलात तर चालतील."

पाद्रीसाहेबांनी विचारलं, जुनी प्रार्थनेची पुस्तकं टाकू का? तर म्हणाला, "टाका की, साहेब. कोरडी आहेत ना?"

एका बाबतीत मात्र त्याच्याशी थट्टा चालत नसे. जुन्या शेडवर असतात ते करडे, पन्हळी पत्रे. ॲस्बेस्टॉसचे. त्याचा थोरला भाऊ डग्लस गिरणीतल्या बॉयलरना त्याच ॲस्बेस्टॉसचा लेप द्यायचा. संध्याकाळी पांढरा होऊन घरी यायचा आणि धाकटा क्लिफ त्याच्या अंगावरची धूळ झटकायचा. ती धूळ डग्लसच्या छातीत बसली. पन्नाशीत त्याला जिना चढताना तीनदा बसावं लागायचं. साठी त्याने पाहिलीच नाही. क्लिफ हे कुणाला सांगत बसायचा नाही. आमच्या मळ्यावर त्याने ते एकदाच सांगितलं. त्याचीच ही गोष्ट.

रेल्वेच्या बांधाखाली आमचे भाजीमळे आहेत. पालिकेची जमीन, प्रत्येकाला भाड्याने एकेक तुकडा. चौदा नंबरचा तुकडा आर्थर सग्डनचा. आर्थर कांदे सुरेख काढायचा, पण त्याला टाकवत काही नसे. दोन न्हाणीची टबं, कुजकी दारं, तण दाबायला जमिनीवर अंथरलेले सात गालिचे. तो गेला आणि त्याची बायको, एनिडबाई, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी त्या ढिगात एकट्या उरल्या. मळेकऱ्यांच्या मंडळाचे चिटणीस पॉगसन यांनी नोटीस लावली: रविवारी दुपारी बारापर्यंत तुकडा साफ होऊन कचरा मळ्यांबाहेर गेला नाही, तर तो तुकडा प्रतीक्षायादीतल्या पहिल्या माणसाला जाईल. यादीत चाळीस नावं होती. आणि आर्थर गेल्यापासून एनिडबाई रोज उठून कुठे जात असतील तर तिथेच. घर त्यांना खायला उठायचं.

त्यांनी स्किप मागवली. क्लिफचं सगळं त्यांनी पाळलं. रंगाच्या डब्यांत आठवडाभर आधी लाकडाचा भुसा कालवून ते दगडासारखे वाळवले, झाकणं काढून ठेवली. तीन दिवस हातगाडीने माल ओढला.

शनिवारी सकाळी क्लिफ उचलायला आला. आम्ही शेजारी मळ्यांच्या फाटकाशी, स्किपजवळ, जमलोच होतो. पॉगसनही वही घेऊन उभे होते. क्लिफ ट्रकच्या चाकावर पाय देऊन वर चढला, आत डोकावला आणि तसाच खाली उतरला.

"मिसेस सग्डन, मी काय म्हणालो होतो?"

"सगळं पाठ आहे मला. का?"

"चार टायर आहेत. ट्रॅक्टरची बॅटरी आहे. एक टीव्ही आहे."

"टीव्ही? अरे, आर्थर मळ्यात क्रिकेट बघत होता असं वाटलं की काय तुला? माझं नाही ते!"

"आणि कोपऱ्यात, गालिच्याखालून टोकं दिसतायत, दोन पन्हळी पत्रे आहेत. एक तुटलेला."

एनिडबाईंचा चेहरा उतरला. "आमच्या शेडच्या छताला डांबरी कापड आहे, क्लिफ. पत्रा कधीच नव्हता."

"असेल. पण ते पत्रे आत असेपर्यंत ही पेटी मला हलवता येणार नाही. त्यांची बंद पेटी वेगळी, ती सोमवारी येईल."

"आणि माझा तुकडा उद्या बारा वाजता जाईल!"

पॉगसननी घसा साफ केला. "नियम म्हणजे नियम, एनिड. वाईट मलाही वाटतंय."

आमच्याकडे एक रीत आहे, ती कुणी बोलून दाखवत नाही. कुणाच्या दारात स्किप आली, की आजूबाजूच्या चार घरांना आपली अडगळ आठवते. सगळेच करतात. क्लिफला तीस वर्षांत हे कळलं नसेल तर कुणाला? त्याने झाडांना पाणी घालायची झारी मागितली, गालिचा हळूच बाजूला करून त्या पत्र्यांवर वरून हलकेच पाणी सोडून ते ओले केले आणि त्यांच्यावर जाड प्लास्टिक पसरलं. मग ट्रकमधला थर्मास काढला.

"उघड्या स्किपमध्ये वस्तू आपोआप चढतात, हे मला ठाऊक आहे," तो म्हणाला. "आता मी तिकडे तोंड करून चहा पिणार. एक कप. ज्या वस्तूंना उतरायचं असेल त्यांनी उतरावं. प्लास्टिकला मात्र कुणी हात लावायचा नाही."

आणि खरंच पाठ करून बसला.

काय सांगू तुम्हाला! पाच मिनिटं कुणी कुणाच्या तोंडाकडे बघितलं नाही. टीव्ही गेला. बॅटरी एका पोत्यात शिरून गेली. टायर एकामागून एक घरंगळत गेले. त्यातला एक माझा होता, हे आता कबूल करायला हरकत नाही. बायकोला मी त्याची केव्हाच विल्हेवाट लावली म्हणून सांगितलं होतं.

क्लिफने कप झटकला आणि वळला. पेटीतला ढीग हातभर खाली बसला होता. पत्रे तसेच.

"ठीक आहे," तो म्हणाला. "आता हे ज्याचे असतील त्याच्यासाठी सांगतो, रागावून नाही." आणि त्याने डग्लसची गोष्ट सांगितली. धूळ झटकायचा तेसुद्धा सांगितलं. "एकदा उघड्यावर हाताळल्याने काही लगेच होत नाही. पण पत्रा तोडताना अंगावर जे कपडे होते ते झटकायचे नाहीत, घरच्या कपड्यांत धुवायचे नाहीत. ओले करून पिशवीत बांधायचे आणि सोमवारी पत्र्यांबरोबर द्यायचे. घरात पोरंबाळं असतील तर आधी ते करा."

मग पॉगसनचा आवाज आला, अगदी बारीक. "कोट असेल तर? खुंटीला टांगलेला? म्हणजे नातवंडं आजोबा आले की कोटात तोंड खुपसतात, तसला?"

"तोही," क्लिफ म्हणाला. "आत्ता घरी फोन करा."

पॉगसननी तिथेच फोन केला. "लॉटीला कोटाजवळ जाऊ देऊ नकोस... नाही, कारण नंतर सांगतो... नाही गं, बरा आहे मी!" फोन खिशात ठेवून ते एनिडबाईंकडे वळले. मान वर होईना. "जुन्या शेडचे होते. मला वाटलं, गालिच्याखाली कुणाला दिसतात."

"तुमच्या नियमाच्या वहीत हे कुठल्या पानावर आहे, पॉगसन?" एनिडबाई म्हणाल्या. जरा थांबून विचारलं, "लॉटी केवढी आहे?"

"चार वर्षांची."

"मग उभे काय राहिलात? लिहा आणि घरी जा."

पॉगसननी वही उघडली.

"मोठ्याने," एनिडबाई म्हणाल्या. "आम्हालाही ऐकू दे."

"तुकडा चौदा," पॉगसननी लिहिता लिहिता वाचलं, "साफ. पेटीतले पत्रे चिटणिसांचे. सोमवारी नेले जातील."

"तारीख टाका."

त्यांनी तारीख टाकली. घरी जाऊन, कोट पिशवीत बांधून, ते अर्ध्या तासाने परत आले. बोलावलं कुणीच नव्हतं. तोवर एनिडबाईंनी रिकाम्या जमिनीत फावडं घातलं होतं. गालिच्यांखाली दोन वर्षं दबलेली माती काळीभोर निघाली, गांडुळांनी नुसती भरलेली. क्लिफ फाटकाला टेकून बघत होता. त्याच्या ट्रकला त्या दिवशी न्यायला काहीच नव्हतं, तरी तो गेला नाही.

घेवड्याची पहिली ओळ दुपारी एकच्या आत पेरून झाली. सरळ यावी म्हणून दोरी ताणली होती. एक टोक एनिडबाईंकडे, आणि दुसरं टोक धरून, चिखलात गुडघे टेकून, पॉगसन बसले होते.

"ताणून धरा हो," एनिडबाई ओरडल्या. "आर्थरच्या ओळी वाकड्या नसायच्या."