तासभर गप्प बसणारे डॉक्टर

डहाणूच्या किनाऱ्यावर बोलणाऱ्या माणसांची वाण कधीच नव्हती. ऐकणारा माणूस मात्र मी उभ्या आयुष्यात एकच पाहिला, आणि तो आमचा भाडेकरू होता. समुद्राकडे जाणाऱ्या रस्त्यालगत आमची चिकूची वाडी, आणि वाडीच्या मागच्या टोकाला दोन खोल्या. मी मराठी शाळेत नुकतीच शिकवायला लागले होते त्या वर्षी, एक पत्र्याची ट्रंक आणि दोन लोखंडी खुर्च्या घेऊन डॉक्टर तिथे राहायला आले. एकट्या माणसाला दोन खुर्च्या कशाला, असं आईने विचारलं, तर म्हणाले, एक आजाऱ्याची. एल.सी.पी.एस. ही तेव्हाची डॉक्टरकीची परीक्षा पास होऊन त्यांनी बरीच वर्षं मनोरुग्णांच्या एका मोठ्या इस्पितळात काढली होती. आमच्याकडे त्याला सरळ वेड्यांचं इस्पितळ म्हणत. ती कायमची नोकरी सोडून हा माणूस आमच्या वाडीत का आला, हे कोणालाच ठाऊक नव्हतं. इतकी वर्षं वेड्यांत राहून थोडी लागण झाली असणार, असा आईचा तर्क होता आणि तो ती त्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने बोलून दाखवायची.

त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असे, झोप कशी आहे? तो ते रोग्यालाच विचारत असं नाही. मासळीवालीला, स्टेशनमास्तरांना, नोटीस घेऊन आलेल्या कचेरीतल्या शिपायाला, सगळ्यांना विचारत. शेजारच्या लग्नात अक्षता पडल्यावर त्यांनी नवरदेवाला अगदी गंभीरपणे झोपेविषयी विचारलं, तेव्हा बायकांच्या घोळक्यात हसण्याची जी लाट उठली ती कशामुळे, हे त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही. पण उत्तर ते असं मन लावून ऐकत, की विचारलेला माणूस गोंधळून खरं सांगून बसे. मासळीवालीने एकदा टोपली खाली ठेवून पाऊण तास आपल्या जावयाची हकीगत सांगितली. तेवढ्यात मांजराने दोन पापलेटं पळवली. ती म्हणाली, जाऊ दे, आज डोकं हलकं झालं.

त्यांच्या चिठ्ठ्या तर बाजारात वाचून दाखवल्या जायच्या. चिठ्ठीवर लिहिलेलं असायचं: रोज उन्हं कलताना खाडीपर्यंत चालत जाणे, रात्री चहा बंद, जेवताना कोणीतरी समोर असणे, एका माणसाशी रोज अर्धा तास बोलणे. आजारी माणसं ती चिठ्ठी इमानाने औषधांच्या दुकानात नेऊन देत. दुकानदार गुजराती, सज्जन माणूस. तो एकदा स्वतः चालत वाडीत आला आणि हात जोडून म्हणाला, "डॉक्टरसाहेब, 'एका माणसाशी बोलणे' ही दवा आमच्या स्टॉकमां नथी." बायको गेल्यापासून डोकं ठणकतं म्हणून गंजाडचा एक शेतकरी आला होता. डॉक्टरांनी तासभर त्याचं ऐकलं, एकट्याने जेवू नकोस, लेकीकडे जाऊन जेव, असं सांगितलं आणि उठले. तो उठेना. "सुई नाय टोचली तं मी घरी काय सांगू?" त्याने विचारलं. डॉक्टरांनी जरा विचार केला, त्याच्या दंडावर स्पिरिटचा बोळा फिरवला, आणि गडी दंड धरून समाधानाने गेला. स्वतःच्या मनाला काम हवं म्हणून डॉक्टर लोकांच्या खाटा फुकट विणून देत. त्यांनी विणलेल्या खाटेवर उशाला झोपलेला माणूस सकाळी पायथ्याशी सापडायचा. वर्षातून एखादवेळी ते तीन-चार दिवस दार लावून घेत. आम्ही म्हणायचो, पोट बिघडलं असेल.

हे सगळं आम्ही हसण्यावारी नेलं असतं. पण त्याच सुमारास वहिनी बोलायची थांबली.

माझ्या दादाची ती बायको. पहिली मुलगी जन्मतानाच गेली होती. दुसरा मुलगा झाला, तो अकरा दिवसांचा होऊन गेला. बाराव्या दिवशी बारसं होतं, आईने पाळण्याला दोरी बांधून ठेवली होती. त्यानंतर वहिनी मागच्या पडवीत बसू लागली. वाढलं तर दोन घास खायची, नाहीतर तेही नाही. डोळे उघडे असायचे, पण तिने काही पाहिलं असं वाटायचं नाही. दादा पहाटे वाडीत जायचा आणि अंधार पडल्यावर यायचा. मुलांचा विषय त्याने एकदाही काढला नाही, इतरांनी काढला तर उठून जायचा. आईने नवस केले, उधव्याहून भगत आणवला, त्याने दोन वेळा येऊन धान्याचे दाणे पाहिले. एका संध्याकाळी वहिनी विहिरीच्या काठावर उभी दिसली. मी तिला धरून आत आणलं. तिचा हात थंड होता, आणि तिने तो सोडवून घ्यायचाही प्रयत्न केला नाही. दुसऱ्या दिवशी माझे काका आले. माहेरी पोचवा, तिकडेच राहू दे, पुढे रीतसर सोडचिठ्ठी करू, दादाचं वय काही गेलेलं नाही, असं ते म्हणाले. आई नको म्हणाली नाही. दादा उठून वाडीत निघून गेला.

मी मागच्या खोल्यांकडे गेले. डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं आणि माझ्याबरोबर आमच्या ओटीवर आले. आईला म्हणाले, "काकू, मला चार महिने द्या. तोवर विहिरीवर फळ्या टाका, आणि सूनबाईंना एकटं ठेवू नका. विसर, असं मात्र कोणी म्हणू नका."

सोमवार आणि गुरुवार, दुपारी चार वाजता ते दोन्ही खुर्च्या घेऊन मागच्या पडवीत यायचे. एकीवर वहिनीला बसवायचे, दुसरीवर आपण बसायचे, तोंडं दोघांचीही वाडीकडे. मनगटावरचं घड्याळ काढून मांडीवर ठेवायचे आणि पाच वाजेपर्यंत गप्प. पाच वाजता, सोमवारी येतो, किंवा गुरुवारी येतो, एवढं म्हणून खुर्च्या उचलून परत. पहिले पंधरा दिवस आई दाराआडून पाहत होती. मग तिला राहवेना. तासभर गप्प बसायला डॉक्टर कशाला, तेवढं तर या घरात आम्हीही करतो, असं ती म्हणाली. डॉक्टरांनी त्यावर मान डोलावली आणि म्हणाले, मग तुम्हीही बसा, पण वेगळ्या वेळी. आई चिडली. पण दुसऱ्या दिवसापासून ती वाल सोलायची परात घेऊन सकाळी वहिनीजवळ बसू लागली. वाटेत एकदा डॉक्टरांनी दादालाही गाठून झोपेचं विचारलं. दादा म्हणाला, सध्या चिकूचा हंगाम आहे, आणि निघून गेला.

त्या भगताशी डॉक्टरांचं भांडण होईल असं आम्हाला वाटलं होतं. भगताच्या गावी, उधव्याला, एक तरुण मुलगा होता. त्याला नको ते आवाज ऐकू यायचे, म्हणून घरच्यांनी घरातल्या खांबाला बांधून ठेवला होता. भगताकडून त्याच्याविषयी कळल्यावर डॉक्टर दर रविवारी एस.टी.ने तलासरीला आणि तिथून मिळेल तसे पुढे उधव्याला जाऊ लागले. त्यांनी मुंबईहून नव्या गोळ्या मागवल्या, दोर सोडवला. तुम्ही माणसाजवळ किती वेळ बसता, असं त्यांनी भगताला विचारलं. तो म्हणाला, माणूस उठून जाईपर्यंत. डॉक्टर घरी येऊन मला म्हणाले, आमच्या इस्पितळात हे शिकवायला हवं होतं.

अकरावा आठवडा होता. चारचे सव्वाचार झाले असतील. मी पडवीच्या दुसऱ्या टोकाला वह्या तपासत होते. वहिनी वाडीकडे पाहत होती, ती मान वळवून डॉक्टरांकडे पाहू लागली आणि म्हणाली, "तुमच्या सदऱ्याचं बटण काळ्या दोऱ्याने लावलंय."

डॉक्टरांनी बटणाकडे पाहिलं. घरात पांढरा दोरा नव्हता, म्हणाले. वहिनी उठली, आतून सुई-दोरा घेऊन आली, आणि डॉक्टर उरलेला तास बनियनवर बसून राहिले. आई मागून आली आणि हे दृश्य पाहून तशीच परत गेली. स्वयंपाकघरात जाऊन ती चुलीपुढे रडत बसली होती.

पुढे वहिनी एकदम बरी झाली, असं काही घडलं नाही. ती बोलू लागली, म्हणजे आधी रडू लागली, आणि ते आम्हाला गप्प बसण्यापेक्षा कठीण गेलं. तिने डॉक्टरांना काय सांगितलं हे मला बऱ्याच वर्षांनी तिच्याकडूनच कळलं. शेवटच्या दिवशी बाळ सारखं रडत होतं, आणि तिच्या मनात आलं होतं की हे एकदाचं झोपू दे, म्हणजे मलाही झोपता येईल. ते झोपलं, आणि उठलंच नाही. हे ती इतके महिने पोटात घेऊन बसली होती. डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "तुम्ही थकला होतात. थकलेल्या आईला झोप हवीशी वाटते. बाळाला ताप होता, ते त्या तापाने गेलं." हे त्यांना पुढची दोन वर्षं पुनःपुन्हा सांगावं लागलं, आणि दर वेळी ते पहिल्यांदाच सांगतोय तसं सांगायचे. काकांना आईने निरोप पाठवला की सून आमच्याकडेच राहील.

नंतर माझी बदली तलासरीला झाली. मी शनिवारी घरी यायचे. अशाच एका शनिवारी आले तर वहिनी डॉक्टरांच्या बंद दारासमोर पायरीवर बसलेली. आईने सांगितलं, उधव्याचा तो मुलगा गेला. दीड वर्ष नीट होता, शेतात जात होता, लग्नाचं बघत होते. मग गोळ्या थांबवल्या, आणि एक दिवस त्याने जीव दिला. डॉक्टर तिकडून आले आणि आत गेले, त्याला पाच दिवस झाले. वहिनी रोज चार ते पाच तिथे जाऊन बसते. तिने दाराबाहेरून एकदाच सांगितलं होतं, "उत्तर नको. मी बसलेय."

सातव्या दिवशी दार उघडलं. दाढी वाढलेली, डोळे आत गेलेले. खोलीत भिंतीकडे तोंड करून अर्धी विणलेली खाट उभी होती. त्यांनी वहिनीला सांगितलं की इस्पितळात असताना अशाच एकाला त्यांनी बरा झाला म्हणून घरी पाठवला होता, आठवड्याच्या आत त्याने असंच केलं होतं. म्हणून त्यांनी नोकरी सोडली होती. मग ते शांतपणे म्हणाले, "मला दाखल व्हायला हवं. मला स्वतःला हे कळतंय तोवर कोणीतरी नेऊन सोडा."

दादाने त्यांना गाडीने नेलं. परत आल्यावर तो जेवला नाही आणि कोणी विचारलंही नाही. वहिनी त्यांना दर पंधरा दिवसांनी एक पत्र टाकायची. त्यांचं कार्ड यायचं, दोन ओळींचं. इथले डॉक्टर भले आहेत, पण मध्ये बोलतात. किंवा, आज अंगणापर्यंत चाललो.

सात महिन्यांनी ते परतले. हात कापायचे, खाट विणणं गेलं, ते एक बरं झालं असं आई म्हणाली, आणि रोज संध्याकाळी त्यांचं ताट आमच्याकडे मांडायला लागली. कुठे होतात, असं कोणी विचारलं तर ते सरळ इस्पितळाचं सांगायचे, आणि अजून गोळ्या घेतो हेही. त्यामुळे निम्मे लोक यायचे बंद झाले. पण एरवी कधीच आले नसते असे काहीजण वाडीच्या मागच्या बाजूने येऊ लागले. त्यात एकदा आमचे काकाही होते. डॉक्टर तीन वर्षं तशीच माणसं पाहत राहिले. एकोणीसशे साठनंतरच्या एका उन्हाळ्यात दुपारी, ओटीवर बसल्या बसल्या, ते गेले. हृदय बंद पडलं. मागे कोणी नव्हतं. दादाने किनाऱ्यावर त्यांना अग्नी दिला.

दुसऱ्या दिवशी आम्ही सगळे मागच्या पडवीत होतो. आई वाल सोलत होती, मी आणि वहिनी तिला हातभार लावत होतो. दादा वाडीतून लवकर आला, पाय धुतले, आणि आत न जाता खांबाला टेकून उभा राहिला. मग वहिनीकडे न पाहता म्हणाला, "धाकट्याचं नाव मी ठरवून ठेवलं होतं. मुकुंद."

परातीवरचे आमचे हात थांबले. बारसं न झालेल्या त्या मुलाला आमच्या घरात इतकी वर्षं कोणी कुठल्याच नावाने हाक मारली नव्हती. वहिनीने मान वर करून दादाकडे पाहिलं आणि ते नाव हळूच एकदा उच्चारून पाहिलं. दादा खाली तिच्या शेजारी जमिनीवर बसला. हे डॉक्टरांना सांगायचं राहिलं, असं तो म्हणाला, आणि मग थांबून थांबून, बाळाचे कान कसे आमच्या वडिलांसारखे, अण्णांसारखे होते, हे सांगू लागला. आम्ही तिघी ऐकत राहिलो.