कोण कोणाकडे जेवला नाही

"शेख कोणाकडे जेवला हे कोणीही लिहील, कोणाकडे जेवला नाही, ते लिहायला माणूस लागतो."

हे वाक्य महिपतराव काळभोरांनी शिंदे की छावनीत, जगदेवरावांच्या ओट्यावर, सुपारी कातरता कातरता उच्चारलं. ग्वाल्हेर संस्थान नुकतंच मध्यभारत नावाच्या नव्या राज्यात विरघळलं होतं, आणि ग्वाल्हेरच्या लष्कर भागातला जो तो आपण आता नक्की कोणाचे नोकर आहोत याची चौकशी करत फिरत होता. महिपतरावांना ही चौकशी नवी नव्हती. सोळा वर्षं अरबांच्या किनाऱ्यावर त्यांनी इंग्रजांची चाकरी केली होती, आणि तिथे भेटेल त्याला ते सांगत, मी शिंदे सरकारचा माणूस.

एकोणीसशे एकतीस साली कराचीहून बोटीत बसून ते गेले. बंदर म्हणजे खजुरीच्या झावळ्यांची घरं, मोत्यांच्या होड्या, आणि एक दुमजली पांढरी कोठी. कोठीत एजंटसाहेब राहत. किनाऱ्यावरचे शेख स्वतंत्र होते. तसं इंग्रजांनी तहात लिहूनच दिलं होतं, आणि ते किती स्वतंत्र राहतात हे पाहायला साहेबाला बसवलं होतं.

दर पंधरवड्याला कोठीतून एक बातमीपत्र वर जाई. आधी बोटींची ये-जा, मग हवामान, आणि तिसरं कलम 'स्थानिक घडामोडी'. हे तिसरं कलम महिपतरावांचं. साहेबाचं अरबी पुस्तकातलं होतं. ते ऐकून शेख अदबीनं आणखी कॉफी मागवत, बोलत काही नसत. बोलायचा तो न्हावी, आणि कॉफी ओतणारा माणूस. महिपतराव त्या दोघांशी दोस्ती राखून होते. कोणाचा ससाणा मेला, कोणी तिसरं लग्न केलं, कोण कोणाच्या तंबूत किती वेळ बसला, हे सगळं साफ अक्षरात उतरत असे. 'पाहुणे आले तेव्हा शेख उठले, पण सावकाश.' हे वाक्य थेट लंडनला गेलं, असं महिपतराव सांगत. लंडननं त्याचं काय केलं, हे त्यांना कोणी कळवलं नाही.

त्यांचा एक नियम होता. घडलं ते लिहायचं, कारण लिहायचं नाही. कारण हे साहेबाचं खातं. कारकुनानं कारण लिहिलं तर साहेबानं काय करायचं?

एका ईदला शेखाचा चुलतभाऊ न्याहारीला आला नाही. दसऱ्याच्या दरबारात एखाद्या सरदाराची जागा रिकामी राहिली की अख्खं लष्कर आठवडाभर कुजबुजतं, हे महिपतरावांच्या हाडात मुरलेलं. त्यांनी लिहिलं, 'ईदच्या न्याहारीस चुलतभाऊ हजर नव्हता.' आदल्याच दिवशी त्या भावाची दाढ उपटली होती आणि गाल भोपळ्यासारखा सुजला होता. हे महिपतरावांना ठाऊक होतं, कारण दाढ त्यांच्याच न्हाव्यानं उपटली होती. पण ते झालं कारण.

वरच्या कचेरीत 'हजर नव्हता'चा 'मतभेद' झाला. त्याच्या वरच्या कचेरीत 'फूट'. तीन आठवड्यांनी तोफांचं जहाज येऊन बंदरात उभं राहिलं आणि भावाशी काय भांडण आहे असं शेखाला विचारू लागलं. शेखानं शपथा घेतल्या. भावाला वाटलं, शेखानंच आपली चहाडी केली. तो दोन होड्या आणि वीस माणसं घेऊन शेजारच्या बंदरात निघून गेला तो कायमचा. पुढच्या पत्रात महिपतरावांनी लिहिलं, 'चुलतभाऊ बंदर सोडून गेला.' ही फूट यांनी सर्वांच्या आधी ओळखली म्हणून साहेबानं त्यांना मनगटी घड्याळ बक्षीस दिलं.

हे घड्याळ ते लष्करात सगळ्यांना दाखवत. जगदेवरावांना तर दहादा.

"अरे महिपत," जगदेवराव म्हणाले, "आणि दाढ?"

"दाढ कारणात गेली."

"म्हणजे तू दाबून टाकलीस."

"दाबली नाही. विचारली नाही कोणी."

"वा रे वा! बिचारा भाऊ तिकडे पेज पिऊन राहिला होता, आणि तू इकडे घड्याळ बांधून राहिला होतास!" जगदेवराव एवढे हसले की त्यांची वरची कवळी सुटली. संस्थानी फौजेत हे कॅप्टन. तरुणपणी घोड्याच्या लाथेत दात गेलेले. आता ती फौज भारताच्या सैन्यात मिसळायची होती, आणि कोणाला ठेवायचं, कोणाला घरी पाठवायचं, त्याची यादी चालली होती. महिपतरावांचीही यादी होती. परत आल्यावर त्यांना सचिवालयात तात्पुरती कारकुनी मिळाली होती. कायम होणार की नाही ते नव्या राज्याच्या मनावर होतं. दोघे मित्र दोन याद्यांच्या दाराशी बसून सुपारी खात होते.

नव्या राज्याचा पहिला वाढदिवस आला, तो ऐन मे महिन्यात. सचिवालयाच्या बागेत चारच्या उन्हात सर्वांना गरम चहा पाजून आनंद व्यक्त करायचं ठरलं. जगदेवराव गेले नाहीत. थंडीतली उरलेली तिळगुळाची गजक दगड झाली होती, तिच्यावर कवळीचे दोन तुकडे झाले, आणि बोळक्या तोंडानं मंत्र्यांसमोर उभं राहायला कॅप्टनसाहेब तयार नव्हते. महिपतराव गेले. पण सोळा वर्षं बिनदुधाच्या कॉफीवर काढलेलं त्यांचं पोट दुधाचा चहा झेलेना. त्यांनी कप तोंडाला लावल्यासारखा केला आणि मागच्या मोगऱ्याच्या कुंडीत ओतला. संध्याकाळी ही गंमत त्यांनी फक्त जगदेवरावांना सांगितली.

आठवड्याभरात गोविंदरावांचं बोलावणं आलं. गोविंदराव इंदूरहून आलेले, गोपनीय कागदांचे अधिकारी, बोलायला मधाळ.

"तुमचा अनुभव मोठा, महिपतराव. विलीनीकरणावर कोण नाराज आहे, एवढंच सरकारला जाणून घ्यायचं आहे. जगदेवराव तुमच्या शेजारचे ना? चार ओळी द्या. शनिवारी कायमची यादी वर जाते. तीत तुमचं नाव असावं असं मला फार वाटतं."

महिपतरावांनी घरी येऊन गोविंदरावांचं मागणं सांगितलं आणि टाक काढला. शालिनीताई, त्यांची पत्नी, दारात उभ्या राहिल्या.

"अहो, ज्यांच्या ओट्यावर रोज बसता, त्यांच्यावरच?"

"मी खोटं एक अक्षर लिहिणार नाही."

हे खरं होतं. महिपतरावांनी उभ्या आयुष्यात खोटं एक अक्षर लिहिलं नाही. तीच तर त्यांची कला. त्यांनी लिहिलं, 'नव्या राज्याच्या चहापानास जगदेवराव निमंत्रण असूनही हजर नव्हते.' आणि वाळू टाकून शाई टिपली.

शनिवारी गोविंदरावांनी कागद वाचला आणि डोळे मिटले, जसे लोक गाणं ऐकताना मिटतात.

"याला म्हणतात रिपोर्ट! एक शब्द जास्त नाही. नाहीतर आमच्याकडे येतात एकेक नमुने. हे बघा, तुमच्यावरच आलाय." त्यांनी फायलीतून दुसरा कागद काढून पुढे सरकवला. "म्हटलं, तुमचीही करमणूक होईल."

महिपतरावांनी वाचलं. 'महिपतराव चहापानास हजर होते. चहा घेतल्याचे दाखवले, परंतु मोगऱ्याच्या कुंडीत ओतला.' सही नव्हती. सहीची गरजही नव्हती. कुंडीतला चहा ग्वाल्हेरात दोघांनाच ठाऊक होता, आणि त्यातले एक हा कागद वाचत होते. वाक्याला वळण सुरेख होतं. शिकवलेलं वाया गेलं नव्हतं.

खाली आणखी एक ओळ होती. 'कारण: दूध सोसत नाही, पोट बिघडते. बाकी माणूस सरळ आहे.'

"बघितलंत?" गोविंदराव हसले. "इतका चांगला आरंभ, आणि पुढे पोट! कारण विचारलं होतं कोणी? असल्या भोळ्या माणसाला सैन्यात कशाला ठेवायचं? त्यात तुमचा हा कागद. आता प्रश्नच मिटला. करा सही. यादी तयारच आहे."

महिपतरावांनी टाक दौतीत बुडवला. मग त्यांनी सहीच्या जागी, त्याच साफ अक्षरात, लिहिलं, 'कारण: कवळी तुटली होती.' आणि त्याखाली सही केली.

गोविंदरावांनी कागद ओढून घेतला. एकदा वाचला. पुन्हा वाचला.

"कवळी? अहो, हा रिपोर्ट आहे की दाताच्या डॉक्टरची चिठ्ठी? हे वर गेलं तर मला हसतील! सगळं वाया घालवलंत. खोडा ते. दुसरा कागद देतो."

महिपतरावांनी मनगटावरचं घड्याळ पाहिलं.

"हे बघा, मी स्पष्ट बोलतो. ही ओळ राहिली तर तुमचं नाव यादीत राहत नाही. सोमवारपासून येऊ नका. कळलं? खोडताय की नाही?"

महिपतरावांनी टाक पुसून दौतीशेजारी ठेवला, टोपी सारखी केली, आणि बाहेर पडले.