वाट बघायला शिकवणारा नवरा

माझा नवरा जहाजावरची नोकरी सोडून कायमचा रत्नागिरीला आला आणि पाचएक महिन्यांत आगमनकाळ सुरू झाला. आगमनकाळ म्हणजे नाताळाच्या आधीचे चार रविवार. या दिवसांत येशूच्या जन्माची वाट बघायची, उपास-प्रार्थना करायची, मन साफ करायचं. आमच्या घरी या दिवसांत पडदे धुतले जातात, नेवऱ्यांसाठी, म्हणजे आमच्या करंज्यांसाठी, खोबरं किसलं जातं आणि वेळ उरलाच तर मनही साफ होतं.

त्या वर्षी चर्चमध्ये फादरनी पालकांची सभा घेतली. घर म्हणजे लहानसं चर्च, आणि आईवडिलांनी पुढे होऊन मुलांना देवाची वाट दाखवावी, असं ते बोलले. बोलले ते चांगलंच. पण आईवडिलांमधली आई माझ्या नवऱ्याने चर्चच्या फाटकातच सोडली असावी, कारण घरी पोचेपर्यंत एकटे वडीलच उरले होते.

"आजपासून प्रार्थना मी घेणार," स्कूटर लावता लावता तो म्हणाला. "पोरांना शिस्त नाही. घराला कोणीतरी लीड करायला पाहिजे."

आयुष्यभर तो इंजिनरूममध्ये होता. कप्तान व्हायची हौस राहून गेली असणार, ती फेडायला आमचं घर बरं सापडलं. तोवर हे घर बहुतेक वाऱ्यावरच चाललं होतं. मुलांची पहिली कम्युनियन, तापात कपाळावर पट्ट्या ठेवता ठेवता म्हटलेली रोजरी, परीक्षेच्या सकाळी बोटाने केलेला क्रूस, हे सगळं आपोआप झालं असेल. मी फक्त भांडी जरा जोरात ठेवली.

कुठल्याशा परदेशी बंदरातल्या चर्चमध्ये त्याने हिरव्या फांद्यांचं कडं पाहिलं होतं. त्यात चार मेणबत्त्या, दर रविवारी एक जास्त पेटवायची. भाट्याच्या किनाऱ्यावरून तो सुरूच्या फांद्या घेऊन आला. मेणबत्त्या मात्र तीन जांभळ्या आणि एक गुलाबी पाहिजे होत्या. बाजारात दुकानदाराने त्याला वाढदिवसाच्या दाखवल्या, फुंकल्या तरी परत पेटणाऱ्या. शेवटी तो पांढऱ्या घेऊन आला आणि जहाजावरच्या सवयीने त्यांना ऑइलपेंट मारला, दोन हात. पहिल्या रविवारी आम्ही येशूची वाट खोकत खोकत बघितली.

प्रार्थनेला घंटा होती. कुठल्यातरी भंगारात गेलेल्या बोटीवरची पितळी घंटा, एवढी वर्षं माळ्यावर पडलेली. रोज सात वाजता ती वाजायची आणि शेजारच्या वहिनी विचारायच्या, "गॅस आला काय?"

मग त्यागाची पाळी आली. प्रत्येकाने एक आवडती गोष्ट सोडायची, असा हुकूम निघाला. स्वतः त्याने मासे सोडले, आणि पुढारी तो असल्यामुळे आमचेही आपोआप सुटले. हे दुःख रत्नागिरीबाहेरच्यांना कळणार नाही. आमच्या धर्मात शुक्रवारी मांस वर्ज्य, मासे चालतात. म्हणजे आम्ही पापलेटाचं तिखलं खाऊन प्रायश्चित्त घेतो. त्यातून आगमनकाळात मार्गशीर्ष येतो. गुरुवारी सगळी आळी लक्ष्मीचे घट मांडून शाकाहारी होते आणि मासेवालीची टोपली आमच्या दारात येऊन थांबते. शेजाऱ्यांच्या उपासावर आम्ही वर्षानुवर्षं स्वस्तात सुरमई खाल्ली, देव त्यांचं भलं करो.

पहिल्याच गुरुवारी मासेवालीला मी परत पाठवलं, तर ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"घोव घरी नव्हता तवा दर गुरवारी घेयचीस. आता घोव आला नि मासे बंद? उलटाच काम तुझा."

मी म्हटलं, "घोवालाच विचार गो."

नऊ वर्षांच्या मुलीने कारलं सोडलं. तिच्या त्यागाने तिच्या बापाचे डोळे भरून आले. मुलीला कारलं आवडत नाही हे कळण्याइतका तो घरी राहिलाच कधी होता? सतरा वर्षांचा मुलगा म्हणाला, "मी बोलणं सोडतो."

"बघ," नवरा मला म्हणाला, "याला म्हणतात त्याग. मनावर घेतलं की पोरं ऐकतात." रविवारी मिस्सा सुटल्यावर त्याने हे मौन चर्चच्या पायऱ्यांवर चारचौघांना सांगितलंही. मुलगा बाजूलाच उभा होता, संताच्या पुतळ्यासारखा.

मी आई असल्यामुळे मला पहिल्याच संध्याकाळी कळलं. पोरगा माझ्याशी बोलत होता. बहिणीशी भांडत होता. फोनवर मित्रांशी तासन् तास हसत होता. त्याने बोलणं सोडलं होतं ते एकाच माणसाशी, आणि त्या माणसाला हे कळायला पुरता आठवडा लागला. कळल्यावर तो एवढंच म्हणाला, "माझ्याशीच नाही बोलत काय गो तो?" मी पोळपाट पुसत राहिले. पाच महिने घरात राहून या दोघांचं बोलणं मोटार चालू कर, दार लाव, यापलीकडे गेलं नव्हतं.

आता कोणी शहाणा असता तर मुलाच्या खोलीत जाऊन बसला असता. आमचा कप्तान घंटा आणखी जोरात वाजवू लागला.

तिसऱ्या रविवारी गुलाबी मेणबत्ती पेटली. आनंदाचा रविवार म्हणतात त्याला. नवऱ्याने बायबल मिटलं आणि प्रवचनाला सुरुवात केली. "आगमनकाळ म्हणजे वाट बघणं. तुम्हा आजकालच्या पोरांना वाट बघायची सवयच नाही. सगळं दोन मिनिटांत पाहिजे."

"मला आहे सवय," मुलगा म्हणाला.

आम्ही तिघंही त्याच्याकडे बघत राहिलो. त्याचा आवाज शांत होता, तेच वाईट होतं.

"दर वर्षी मम्मी सांगायची, पप्पा नाताळला येणार. मी गोठा करायचो. बाळ येशू ठेवू द्यायचो नाही कोणाला, पप्पा आल्यावर ठेवू म्हणून. मग तुझा फोन यायचा, जहाज अडकलंय. एका वर्षी गोठा उचलेपर्यंत गव्हाण रिकामीच होती. तू आम्हाला वाट बघायला काय शिकवणार?"

खरं होतं ते. मला तो मूर्तींचा गोठा आठवतो. मेंढरं, मेंढपाळ, मारिया, जोसेफ सगळे जमलेले, तीन राजे सोनं घेऊन रिकाम्या पेंढ्यापुढे उभे, आणि बाळ माझ्या कपाटात कापसात गुंडाळून पत्र्याच्या डबीत.

"मी काय मजा मारत होतो तिथे?" नवरा म्हणाला. "तुमच्यासाठीच..." मुलगा उठून आत गेला.

त्या क्षणी मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? इतकी वर्षं भांडी आपटून मला जे सांगता आलं नाही, ते पोराने चार वाक्यांत सांगितलं होतं. मग मी नवऱ्याकडे बघितलं. तो मेणबत्तीवरचा वितळलेला रंग नखाने खरवडत होता. नाताळच्या रात्री त्या तापलेल्या इंजिनरूममध्ये पाळी करून तो फोन लावायचा आणि आधी विचारायचा, गोठा केला काय? मला माझ्या बरं वाटण्याची लाज वाटली आणि रडू आलं.

दुसऱ्या दिवशी घंटा वाजली नाही. शेजारच्या वहिनींनी सिलेंडर संपल्याची चौकशी केली. सात वाजता नवरा एकटाच त्या कड्यापुढे जाऊन बसला. काडीही पेटवली नाही.

"घंटा देऊ काय?" मी विचारलं.

"नको. यायचं तेव्हा येतील."

मुलगी लगेच गेली, तिला सुरूच्या काड्या तोडायला आवडायच्या. काम उरकून मीही बसू लागले. मुलगा खोलीतून बाहेर येत नव्हता. आम्ही रोजरी म्हणायचो, कडं तसंच अंधारात. सगळा आठवडा असाच गेला. माझा नवरा इतका वेळ एका जागी गप्प बसलेला मी लग्नातही पाहिला नव्हता.

चौथ्या रविवारी तो पुन्हा बसला. मी म्हटलं, आज तरी पेटव, शेवटचा रविवार आहे.

"चौघं झाल्यावर," तो म्हणाला.

साडेसात होऊन गेले. मुलगी माझ्या मांडीवर पेंगायला लागली, भात निवला. वाट बघण्याचं पुण्य असतं म्हणतात, पण भुकेल्या पोटी माझा पारा चढायला लागला होता. आता मुलाला हाक मारणार, तेवढ्यात खोलीचं दार वाजलं.

तो आला आणि बापासमोर मांडी घालून बसला. हातात ती पत्र्याची डबी होती. माझ्या कपाटातून कधी काढली कोण जाणे.

"हे तुझ्याकडे ठेव," तो म्हणाला. "नाताळला तू ठेव गव्हाणीत. आणि त्या दिवशी कुठे जाऊ नको."

त्याने स्वतःच काडी ओढली आणि चारही मेणबत्त्या पेटवल्या. खोलीत ऑइलपेंटचा वास पसरला. आमचा पुढारी डबी दोन्ही हातांनी छातीशी धरून बसला होता. त्याचे ओठ हलत होते, पण आवाज फुटत नव्हता, त्यामुळे प्रार्थना मलाच सुरू करावी लागली.