घुबड, गिधाड आणि मुक्ताचं खोकं

आमच्या वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांइतका अस्वस्थ जीव अख्ख्या बहरीनमध्ये दुसरा नसेल. नईम भागातल्या आमच्या इमारतीत ते चहासुद्धा येरझाऱ्या घालत प्यायचे. नोकरी ड्राफ्ट्समनची आणि खूळ प्राचीन इजिप्तच्या चित्रलिपीचं. कुणाकडे बारसं असो की वाढदिवस, हे गृहस्थ चितारलेली नावाची पाटी घेऊन दारात हजर! घुबड म्हणजे म, टोपली म्हणजे क, पाव म्हणजे त, असा सगळा कारभार. एकदा अदलियातल्या एका इजिप्शियन शिंप्याला त्यांनी आपली अक्षरं तपासायला दिली. तो बिचारा म्हणाला, आम्हाला शाळेत अरबी शिकवलं, हे मफी, म्हणजे नाहीच. झालं, यांनी तिथेच त्याची शिकवणी सुरू केली, आणि त्या नादात माझी पँट आखूड बेतली गेली.

बायको गेल्यावर त्यांनी मुक्ताला, एकुलत्या एका लेकीला, एकट्यानं वाढवलं. तिला मराठी समजायचं, पण उत्तर इंग्रजीत. ही लिपी मात्र बापानं तिच्याकडून घोटून घेतली होती. तिचं पुण्याला कॉलेजात जायचं ठरलं आणि यांचं जे भिरभिरणं सुरू झालं, ते काही विचारू नका. खोकं बांधायचं, सोडायचं, पुन्हा बांधायचं. जिन्यात मला गाठून म्हणाले, "एकदा गेली की पोरगी इकडे कशाला फिरकतेय?"

विमानतळावर सोडायला आम्ही नवरा-बायको गेलो. दोरीनं करकचून बांधलेल्या खोक्यावर गल्फमधला प्रत्येकजण नाव-पत्ता ठळक मार्करनं लिहितो. यांनी काढलं होतं घुबड, पिल्लू, टोपली, पाव, गिधाड आणि शेवटी मागे वळलेले दोन पाय. काउंटरवरचा माणूस खोकं घेईना. माझी बायको तर हबकलीच.

"भाऊजी, लेकीच्या सामानावर घुबड, गिधाड, आणि वर भुताचे उलटे पाय? शोभतं का हे?"

"हात चुकला, वहिनी. घाईत झालं," ते पुटपुटले.

मुक्तानं मार्कर घेऊन खाली इंग्रजीत नाव-पत्ता लिहिला. आता ती पाय खोडणार, असं मला वाटलं. पण तिनं माझ्या बायकोला इंग्रजीतच समजावलं, की त्या पायांना उच्चार नसतो. ते शब्दाच्या शेवटी नुसता अर्थ सांगायला येतात, आणि मागे वळलेले असले की अर्थ परत येणं. मग बापाकडे वळून ती चक्क मराठीत म्हणाली, "बाबा, तुमचा हात कधी चुकत नाही. दिवाळीला येते मी."

पट्टा सुरू झाला, खोकं हललं, तरी त्यांच्याच्यानं दोरी सोडवेना. शेवटी मुक्तानंच त्यांचं एकेक बोट हळूच सोडवलं. माझी बायको तोंडाला पदर लावून दुसरीकडे बघत राहिली.